दक्षिण फ्रान्समधील रोमन आणि मध्ययुगीन वास्तू : काय पाहावे, कसे पाहावे

युरोपच्या सहलीला निघणाऱ्या भारतीय पर्यटकांचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंडची हिमशिखरे, व्हेनिसचे कालवे आणि शेवटी रोम. प्राचीन रोमन संस्कृती पाहावयाची तर रोमलाच गेले पाहिजे, असा समज त्यामागे असतो. तो पूर्णपणे खोटा नाही. परंतु रोमन स्थापत्याचे काही अत्यंत धडधाकट नमुने रोममध्ये नसून रोमच्या जुन्या प्रांतांत आहेत. फ्रान्सच्या दक्षिणेकडे, ऱ्होन नदीच्या खालच्या खोऱ्यात, नीम, आर्ल, ओरांज आणि आव्हिन्यों ही चार शहरे एकमेकांपासून रेल्वेने फार तर तासाभराच्या अंतरावर वसली आहेत. पहिल्या तिन्हींत रोमन वास्तू आहेत, चौथ्यात मध्ययुगातील पोपचा राजवाडा आहे आणि यांच्या मधोमध, गार्दों नदीवर, 'पाँ द्यु गार' हा रोमन जलसेतू उभा आहे. मुंबई ते पुणे या अंतराहूनही लहान अशा या मुलखात युरोपचा दीड हजार वर्षांचा इतिहास चार-पाच दिवसांत शांतपणे पाहता येतो.

रोमन सत्ता आल्प्स पर्वताच्या पलीकडे स्थिरावली ती प्रथम याच भागात, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस. रोमन लोक या मुलखाला नुसते 'प्रोव्हिन्सिया', म्हणजे 'प्रांत', असे म्हणत. त्यावरूनच पुढे प्रोव्हान्स हे नाव रूढ झाले. ज्युलियस सीझर आणि पॉम्पी यांच्यातील यादवी युद्धात मासिलिया, म्हणजे आजचे मार्सेय, या ग्रीक वसाहतीने पॉम्पीची बाजू घेतली, तर शेजारच्या आर्लने सीझरला साथ दिली. सीझर विजयी झाला. मार्सेयचे वैभव ओसरले आणि इसवी सनपूर्व ४६ मध्ये आर्ल येथे सीझरच्या सहाव्या लीजनमधील निवृत्त सैनिकांची वसाहत स्थापन झाली. आज आर्लमध्ये रोमन अवशेषांची रेलचेल आणि मार्सेयमध्ये त्यांची वानवा का, याचे एक कारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या राजकीय निवडीत आहे.

पाण्यासाठी बांधलेला पूल

पाँ द्यु गार प्रथम दिसतो तेव्हा तो एखाद्या सम्राटाने वैभवाच्या प्रदर्शनासाठी उभारला असावा, असे वाटते. प्रत्यक्षात तो एका पाणीपुरवठा योजनेचा छोटासा भाग आहे. उझेस गावाजवळच्या झऱ्यांचे पाणी नीम शहरात आणण्यासाठी रोमन स्थापत्यकारांनी सुमारे ५० किलोमीटर लांबीचा बंदिस्त कालवा बांधला. झरा आणि शहर यांमधील सरळ अंतर अवघे २० किलोमीटर आहे. परंतु मध्ये टेकड्या असल्यामुळे कालव्याला मोठा वळसा घ्यावा लागला. कालव्याचा बहुतेक भाग जमिनीखालून जातो. गार्दोंचे खोरे मात्र ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि तेथे सुमारे ४९ मीटर उंचीचा तीन मजली सेतू उभा राहिला.

या योजनेतील खरे आश्चर्य उंचीत नसून उतारात आहे. झऱ्यापासून शहरापर्यंत कालव्याला मिळालेला एकूण उतार साडेबारा मीटरच्या आसपास आहे, म्हणजे किलोमीटरमागे सरासरी २५ सेंटिमीटर. पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा उतार तर जेमतेम अडीच सेंटिमीटर भरतो. उतार याहून कमी झाला असता तर पाणी साचले असते आणि अधिक झाला असता तर शहर गाठेपर्यंत कालवा फारच खाली गेला असता. विशेष म्हणजे हा उतार सर्वत्र सारखा ठेवलेला नाही. पुलाच्या अलीकडे तो मुद्दाम अधिक दिला आहे, जेणेकरून खोऱ्यापाशी कालवा शक्य तितका खालच्या पातळीवर यावा आणि पुलाची उंची व पर्यायाने खर्च कमी व्हावा. पुलाच्या पुढे मात्र उतार अगदीच नगण्य आहे. दुर्बीण आणि आधुनिक मोजणीयंत्रे नसताना, केवळ पाणसळ आणि ओळंबा यांच्या साहाय्याने हे गणित जुळविले गेले. पूर्वी या बांधकामाचे श्रेय सम्राट ऑगस्टसचा जावई अग्रिपा याला दिले जात असे. आता संशोधक ते इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला नेऊन ठेवतात. साधारण त्याच सुमारास आपल्याकडे सह्याद्रीत कार्ल्याच्या चैत्यगृहाचे काम आकार घेत होते, असे अभ्यासक मानतात.

खालच्या मजल्यावर ६, मधल्यावर ११ आणि वरच्या मजल्यावर आज ३५ कमानी आहेत. मूळच्या वरच्या रांगेत ४७ कमानी होत्या. टोकाच्या काही कमानींचे दगड मध्ययुगात काढून नेले गेले. जवळच्याच खाणीतील पिवळसर चुनखडीचा दगड यासाठी वापरला असून काही दगडांचे वजन सहा टनांपर्यंत आहे. खालच्या दोन्ही मजल्यांत दगड चुन्याविना, केवळ अचूक घडाईच्या आणि स्वतःच्या वजनाच्या बळावर बसविलेले आहेत. पुलाच्या अंगावर जागोजागी दगडांची टोके बाहेर आलेली दिसतात. पर्यटकांना ती अपुऱ्या कामाची खूण वाटते. वस्तुतः बांधकामाच्या वेळी परातीला आणि कमानीखालच्या लाकडी सांगाड्याला आधार देण्यासाठी ती ठेवलेली होती आणि काम झाल्यावर ती छाटण्याची तसदी कोणी घेतली नाही. राजवाड्याचे बांधकाम असते तर बहुधा ती छाटली गेली असती.

ठरावीक काळात मार्गदर्शकासह सर्वांत वरच्या कालव्यातून चालत जाता येते. संधी मिळाल्यास ती दवडू नये. कालव्याच्या दोन्ही भिंतींवर चुन्याच्या क्षारांचा जाड थर साचलेला तेथे दिसतो. काही ठिकाणी तो जवळजवळ अर्धा मीटर आहे. पाणी जड होते आणि कालवा स्वच्छ ठेवण्याचे काम जोवर नियमितपणे चालू होते तोवर तो वाहता राहिला. रोमन प्रशासन खिळखिळे झाले, देखभाल थांबली आणि क्षारांनी वाट अडविली. साम्राज्याच्या ऱ्हासावर अनेक ग्रंथ लिहिले गेले आहेत; तो ऱ्हास येथे भिंतीवर हाताने चाचपता येतो.

पाणी थांबल्यानंतर पूल टिकला तो सौंदर्यामुळे नव्हे. मध्ययुगात त्याचा उपयोग नदी ओलांडण्यासाठी होऊ लागला. स्थानिक सरदार आणि उझेसचे बिशप वाटसरूंकडून कर घेत आणि त्याच्या बदल्यात पुलाची डागडुजी करीत. सतराव्या शतकात, धर्मयुद्धांच्या धामधुमीत, रोहान नावाच्या ड्यूकने आपल्या तोफा पलीकडे नेता याव्यात म्हणून मधल्या मजल्याचे खांब एका बाजूने कोरून काढले. पूल डळमळीत झाला, पण पडला नाही. पुढे १७४० च्या दशकात त्याला लागूनच रस्त्यासाठी नवा पूल बांधण्यात आला आणि जुन्या सेतूवरील भार कमी झाला. एकोणिसाव्या शतकात तिसऱ्या नेपोलियनच्या काळात त्याची मोठी दुरुस्ती झाली. सप्टेंबर २००२ मध्ये गार्दोंला महापूर आला, त्या वेळी परिसरातील नव्या सोयीसुविधांची मोठी हानी झाली; रोमन खांब जागचे हलले नाहीत.

नीम : खिळ्यांच्या छिद्रांतून वाचलेला लेख

ज्या शहरासाठी हा सारा खटाटोप झाला, ते नीम येथून २५ किलोमीटरवर आहे. (नावाचा आपल्या कडुनिंबाशी संबंध नाही, येथील झऱ्याच्या 'नेमौसुस' या देवतेवरून ते पडले.) शहराच्या उंच भागात कालव्याचे पाणी जेथे पोहोचत असे तो गोल दगडी हौद आजही उघड्यावर दिसतो. त्याच्या भिंतीत दहा भोके आहेत आणि त्यांना जोडलेल्या शिशाच्या नळांतून शहराच्या निरनिराळ्या भागांना पाणी सुटत असे. पर्यटक तेथे क्वचितच जातात. पाँ द्यु गार पाहून आलेल्याने मात्र ही दहा भोके अवश्य पाहावीत. त्यांच्यावाचून पुलाची कथा अपुरी राहते.

शहराच्या मध्यभागी 'मेझाँ कारे' हे रोमन मंदिर आहे. प्राचीन जगातील इतके अखंड मंदिर क्वचितच आढळते. ते टिकण्याचे कारण सरळ आहे : ते कधीच रिकामे पडले नाही. मध्ययुगात ते नगरप्रमुखांच्या बैठकीचे घर होते, नंतर काही काळ घोड्यांचा तबेला झाले, पुढे ऑगस्टिनियन भिक्षूंचे चर्च झाले, फ्रेंच राज्यक्रांतीनंतर दफ्तरखाना आणि १८२३ पासून वस्तुसंग्रहालय. या मंदिराच्या दर्शनी पट्टीवर कांस्य अक्षरांचा लेख होता. मध्ययुगात ती अक्षरे उपटली गेली आणि मंदिर कोणाचे याविषयी शतकानुशतके तर्कवितर्क चालू राहिले. १७५८ मध्ये जाँ-फ्रान्स्वा सेग्ये या नीमच्या विद्वानाने अक्षरे बसविण्यासाठी ठोकलेल्या खिळ्यांच्या छिद्रांची मांडणी बारकाईने तपासली आणि कोणत्या छिद्रांवर कोणते अक्षर बसेल हे ताडून पूर्ण लेख लावला. मंदिर सम्राट ऑगस्टसचे नातू आणि दत्तक पुत्र गायस व ल्यूशियस यांना अर्पण केलेले होते. दोघेही तरुणपणीच वारले होते. याच मंदिरावरून टॉमस जेफरसन यांनी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या विधानभवनाचा आराखडा बेतला. २०२३ मध्ये युनेस्कोने मेझाँ कारेचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

येथील रोमन रिंगण पहिल्या शतकाच्या अखेरचे आहे. ते १३३ मीटर लांब आणि १०१ मीटर रुंद असून त्यात सुमारे २४,००० प्रेक्षक बसत. त्यासमोरच २०१८ मध्ये रोमन संस्कृतीचे नवे संग्रहालय उघडले आहे.

जाता जाता एक गोष्ट. नीममध्ये विणल्या जाणाऱ्या 'सर्ज द नीम' या कापडावरून 'डेनिम' हा शब्द आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कामकऱ्यांच्या पोशाखासाठी इंग्रजीत रूढ असलेला 'डंगरीज' हा दुसरा शब्द मात्र आपल्याकडील डोंगरी नावाच्या जाड्याभरड्या सुती कापडाचा आहे आणि त्याचा संबंध मुंबईच्या डोंगरी भागाशी जोडला जातो. कपाटात या दोन्ही गावांचे कापड शेजारी शेजारी टांगलेले असते.

आर्ल : रिंगणातील गाव

रोमन रिंगण पाहण्यासाठी एकच शहर निवडावयाचे झाल्यास आर्ल निवडावे. येथील रिंगण साधारण इसवी सन ९० च्या सुमाराचे, १३६ मीटर लांब व १०७ मीटर रुंद. बाहेरून ६०-६० कमानींच्या दोन रांगा. आकाराने ते नीमच्या रिंगणाहून किंचित मोठे असले तरी फरक तेवढाच नाही. रिंगणाच्या भिंतीवर तीन चौकोनी बुरूज दिसतात आणि ते रोमन नाहीत, हे पाहताक्षणी ध्यानात येते. ते तेथे कसे आले, हे समजून घेतल्यास संपूर्ण वास्तूकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

पाचव्या शतकात पश्चिमेकडील रोमन सत्ता कोसळली. त्यानंतरच्या अस्थिर काळात आर्लच्या रहिवाशांना तयार तटबंदी मिळाली ती रिंगणाच्या रूपाने. बाहेरच्या कमानी बुजविण्यात आल्या, चार बुरूज चढविण्यात आले आणि आत चक्क एक गाव वसले. ग्लॅडिएटरांच्या झुंजी जेथे होत त्या जागी गल्ल्या, अंगणे, दोनशेहून अधिक घरे आणि दोन प्रार्थनामंदिरे उभी राहिली. नीमच्या रिंगणातही असेच घडले. अठराव्या शतकात तेथे सुमारे ७०० लोक राहत होते. हे रहिवासी रोमन वास्तूची नासधूस करीत होते, असे एकोणिसाव्या शतकातील पुराणवस्तुप्रेमींचे मत होते. दुसरी बाजू अशी की, या रहिवाशांमुळेच वास्तू उभी राहिली. जी रिंगणे ओस पडली, त्यांची गत दगडांच्या खाणीसारखी झाली.

१८२५ मध्ये आर्लच्या नगरपालिकेने घरे ताब्यात घेऊन पाडण्यास आरंभ केला. १८३० मध्ये फ्रेंच सैन्याने अल्जीयर्स जिंकले, त्या विजयाप्रीत्यर्थ मोकळ्या झालेल्या रिंगणात बैलांचा पहिला खेळ झाला. पाडापाडी त्यानंतरही चालू राहिली. चारपैकी तीन बुरूज तेवढे शिल्लक ठेवण्यात आले. म्हणजे आज आपण 'दोन हजार वर्षांपूर्वीचे' म्हणून जे पाहतो, ते एका अर्थाने एकोणिसाव्या शतकातील निर्णयाचे फळ आहे. रोमन काळ महत्त्वाचा आणि मध्ययुग अडगळ, असा तो निर्णय होता. त्या बाराशे-तेराशे वर्षांत तेथे जन्मलेल्या आणि मेलेल्या माणसांचे काय, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही.

हा प्रश्न भारतीय वाचकाला परका वाटू नये. २०११ मध्ये हंपी येथे विरूपाक्ष मंदिरासमोरच्या प्राचीन मंडपांत थाटलेली घरे आणि दुकाने हटविण्यात आली, तेव्हा नेमका हाच वाद उभा राहिला होता. जैसलमेरच्या किल्ल्यात तर आजही लोकवस्ती आहे आणि किल्ला वाचवायचा की वस्ती, याची चर्चा अधूनमधून होत असते. आर्लच्या बुरुजावर चढून खाली पाहताना या दोन्ही ठिकाणांची आठवण होणे स्वाभाविक आहे. बुरूज पाडले नाहीत हे उत्तम झाले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यांच्यावाचून मधल्या शतकांचा मागमूसही उरला नसता.

रिंगणात आजही बैलांचे खेळ होतात आणि तिकीट काढण्यापूर्वी खेळ कोणता हे विचारून घ्यावे. 'कूर्स कामार्गेझ' या स्थानिक खेळात पांढऱ्या वेषातील तरुण बैलाच्या शिंगांना बांधलेले गोंडे आणि दोऱ्या हिसकावून घेतात व बैल सुखरूप गोठ्यात परततो. त्याचे जल्लीकट्टूशी नाते सहज जाणवते. स्पॅनिश पद्धतीच्या झुंजीत मात्र बैल मारला जातो. फ्रान्सच्या कायद्यात प्राण्यांना क्रूरपणे वागविणे हा गुन्हा आहे. परंतु जेथे अखंड स्थानिक परंपरा आहे तेथे या झुंजींना सूट आहे आणि २०१२ मध्ये तेथील घटना परिषदेने ती सूट वैध ठरविली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींना अनुमती देणारे राज्यांचे कायदे वैध ठरविले, तेव्हाही परंपरेचाच मुद्दा चर्चेच्या केंद्रस्थानी होता.

रिंगणाशेजारी रोमन नाट्यगृह आहे. त्याच्या रंगमंचामागील भव्य भिंतीपैकी दोनच स्तंभ उभे राहिले असून लोक त्यांना 'दोन विधवा' म्हणतात. १६५१ मध्ये येथे सापडलेली व्हीनसची मूर्ती चौदाव्या लुईला भेट देण्यात आली; ती सध्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

तेथून पाच मिनिटांवर सेंट ट्रोफीमचे चर्च आहे. रोमन आणि मध्ययुगीन कला यांचा सांधा पाहावयाचा असेल तर याहून योग्य जागा नाही. बाराव्या शतकातील त्याचे प्रवेशद्वार एखाद्या रोमन विजयकमानीसारखे रचलेले आहे. मध्यभागी ख्रिस्त, त्याच्याभोवती चार शुभवर्तमानकारांची प्रतीके, एका बाजूला स्वर्गाकडे निघालेले पुण्यवान आणि दुसऱ्या बाजूला साखळीने बांधून नरकाकडे नेले जाणारे पापी. वस्त्रांच्या चुण्या, स्तंभांची शीर्षे आणि आकृतींच्या रांगा पाहिल्या की, येथील पाथरवटांसमोर रोमन शवपेट्या आणि पडके स्तंभ नमुन्यादाखल होते, याची खात्री पटते. ११७८ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने याच चर्चमध्ये राज्याभिषेक करवून घेतला.

चर्चला लागून असलेल्या मठाच्या चौकात आणखी एक सोय आहे. चौकाभोवतीच्या चार ओवऱ्यांपैकी दोन बाराव्या शतकातील रोमनेस्क शैलीच्या आणि दोन चौदाव्या शतकातील गॉथिक शैलीच्या आहेत. मार्गदर्शक पुस्तकांतील हे शब्द वाचून अनेकजण गोंधळतात. येथे पुस्तकाची गरज नाही. अर्धगोल कमान, जाड भिंत आणि मंद प्रकाश असेल ती रोमनेस्क ओवरी. टोकदार कमान आणि छताला फासळ्यांसारखा आधार असेल ती गॉथिक. टोकदार कमानीमुळे छताचा भार अधिक सरळ रेषेत खाली उतरतो, भिंतींवरचा बाहेरचा रेटा कमी होतो आणि म्हणून इमारत उंच नेता येते. या एका चौकाला सावकाश फेरी मारली की, पुढे युरोपातील कोणत्याही चर्चचा काळ अंदाजाने सांगता येऊ लागतो.

आव्हिन्यों : पोपची दुसरी राजधानी

कॅथलिक पंथाचे सर्वोच्च धर्मगुरू पोप हे रोममध्येच राहतात, अशी आपली समजूत असते. मात्र १३०९ ते १३७७ या काळात सात पोप आव्हिन्यों येथे राहिले. फ्रेंच राजा चौथा फिलिप याचे दडपण आणि रोममधील बेबंदशाही ही त्याची प्रमुख कारणे. पाचवा क्लेमेंट हा फ्रेंच पोप प्रथम येथे आला. बारावा बेनेडिक्ट आणि सहावा क्लेमेंट या दोघांनी १३३५ पासून वीस वर्षांच्याही आत जो राजवाडा बांधला, तो युरोपातील सर्वांत मोठ्या गॉथिक राजवाड्यांपैकी एक होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १५,००० चौरस मीटर आहे. बेनेडिक्ट पूर्वाश्रमीचा विरक्त भिक्षू. त्याने बांधलेला भाग किल्ल्यासारखा रोखठोक आहे. क्लेमेंट हा रसिक आणि खर्चिक. त्याच्या भागात चित्रे आली, उंच दालने आली. १३४८ मध्ये त्याने हे शहरच नेपल्सची राणी जोआना हिच्याकडून ८०,००० फ्लोरिन मोजून विकत घेतले. त्याच वर्षी प्लेगची महासाथ आव्हिन्योंत पोहोचली. ज्यूंनी विहिरींत विष कालवल्यामुळे रोग पसरला, अशी आवई उठून ठिकठिकाणी त्यांच्या कत्तली सुरू झाल्या, तेव्हा ख्रिस्ती लोकांप्रमाणेच ज्यूही या रोगाने मरत आहेत, याकडे लक्ष वेधून क्लेमेंटने त्यांच्या संरक्षणाची फर्माने काढली. पोपच्या अमलाखालील शेजारच्या कार्पांत्रास गावात १३६७ मध्ये स्थापन झालेले सिनेगॉग फ्रान्समध्ये वापरात असलेले सर्वांत जुने आहे.

राजवाडा आतून जवळजवळ रिकामा आहे, हे आधीच सांगितलेले बरे. अन्यथा व्हर्सायच्या अपेक्षेने गेलेल्यांची निराशा होते. राज्यक्रांतीनंतर १७९१ मध्ये आव्हिन्यों फ्रान्समध्ये विलीन झाले आणि एकोणिसाव्या शतकात राजवाड्याची लष्करी छावणी झाली. १९०६ पर्यंत सैनिक तेथे राहत होते. प्रार्थनामंदिरांतील मात्तेओ जोव्हान्नेत्ती या इटालियन चित्रकाराच्या भित्तिचित्रांतील चेहरे खरवडून ते विकण्याचा उद्योग काही सैनिकांनी केला. भिंतीवर शिरविहीन संतांच्या जागा आजही दिसतात. ज्या काही थोड्या दालनांत रंग टिकले आहेत, त्यांत पोपच्या खासगी अभ्यासिकेतील शिकारीची चित्रे अवश्य पाहावीत. त्यांत धर्माचा मागमूसही नाही : ससाणे आहेत, शिकारी कुत्रे आहेत, मासे पकडण्याचे तळे आहे.

ऱ्होनवरील सेंट बेनेझे पूल मूळचा २२ कमानींचा आणि सुमारे ९०० मीटर लांबीचा. बाराव्या शतकात बांधलेला हा पूल नदीच्या पुरांत वारंवार मोडत राहिला आणि सतराव्या शतकात लोकांनी त्याचा नाद सोडला. आता चार कमानी उरल्या असून पूल नदीच्या मधोमध थांबतो. या पुलावरील नाचाचे बालगीत फ्रान्समध्ये सर्वांच्या तोंडी आहे. परंतु पूल इतका अरुंद आहे की नाच झालाच असेल तर तो पुलाखालच्या बेटावर झाला असावा, असे जाणकार सांगतात. सकाळी गार्दोंवरचा रोमन पूल आणि सायंकाळी हा मध्ययुगीन पूल पाहण्याचा योग साधल्यास तुलना आपोआप होते. अर्थात ऱ्होन ही गार्दोंपेक्षा कितीतरी मोठी नदी आहे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

काही व्यावहारिक बाबी

पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून वेगवान टीजीव्ही गाडी आव्हिन्योंला साधारण पावणेतीन तासांत पोहोचते. हा मार्ग २००१ मध्ये सुरू झाला. टीजीव्ही स्थानक शहराबाहेर असून तेथून जुन्या शहराजवळील मध्यवर्ती स्थानकापर्यंत जोडगाडी मिळते. आव्हिन्यों किंवा नीम येथे मुक्काम करून आर्ल आणि ओरांज रेल्वेने, तर पाँ द्यु गार बसने करणे सोयीचे ठरते. नकाशात जवळ दिसते म्हणून दिवसाला दोन शहरे उरकण्याचा मोह होतो. आर्लला मात्र पूर्ण दिवस द्यावा.

जुलैमध्ये आव्हिन्योंचा प्रसिद्ध नाट्यमहोत्सव असतो. १९४७ मध्ये जाँ विलार यांनी सुरू केलेल्या या महोत्सवाचा मुख्य रंगमंच राजवाड्याच्या चौकातच असतो. नाटकांची आवड असल्यास हीच वेळ साधावी. नसल्यास हा महिना टाळावा, कारण खोल्या मिळत नाहीत आणि उन्हाचा तडाखाही मोठा असतो. एप्रिल-मे आणि सप्टेंबर हे महिने चांगले. या खोऱ्यातून उत्तरेकडून 'मिस्त्राल' नावाचा बोचरा, कोरडा वारा वाहतो. ऊन असले तरी अंगावर गरम कपडा असावा आणि पाँ द्यु गारवर टोपी सांभाळावी.

ओरांज येथे अर्धा दिवस पुरतो. तेथील रोमन नाट्यगृहाची मागची भिंत १०३ मीटर लांब आणि ३७ मीटर उंच असून ती जवळजवळ पूर्ण शिल्लक आहे, जे रोमन नाट्यगृहांच्या बाबतीत अत्यंत दुर्मीळ होय. आर्लच्या दोन विधवा पाहिल्यानंतर ही भिंत पाहिली, म्हणजे तेथे काय नाहीसे झाले ते कळते. १८६९ पासून येथे उन्हाळ्यात संगीताचे कार्यक्रम होतात.

आर्लमध्ये वेळ उरल्यास शहराबाहेरचे निळ्या रंगाचे पुरातत्त्व संग्रहालय चुकवू नये. ऱ्होनच्या गाळात रुतलेली, रोमन काळातील ३१ मीटर लांबीची सपाट तळाची मालवाहू नाव २०११ मध्ये तुकड्या-तुकड्यांनी वर काढण्यात आली आणि २०१३ पासून ती येथे मांडलेली आहे. ती बुडाली तेव्हा तिच्यात बांधकामाचे दगड भरलेले होते. नावेच्या लाकडाबरोबर खलाशांची भांडीकुंडीही सापडली आणि तीही शेजारच्या कपाटात ठेवली आहेत.